‘पल्याड’मधलं चौथं गाणं

“आधी छाया सांगा. बरंवाईट मागाहून.”

तेरदाळे काकांचा तो आवाज इतक्या वर्षांनंतरही माझ्या कानात तसाच उभा आहे. रेल्वेत गार्ड म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. साधं वाक्यसुद्धा ते हिरवं निशाण दाखवल्यासारखं बोलत. एकदा सुटलं की सुटलं.

मिरजेत त्यांच्या घरी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी श्रवण मंडळ भरायचं. सातआठ जाणकार मंडळी, खाली जाजम, मधोमध मंडळातल्याच मगदूमांनी आपल्या रेडिओ-स्पीकरच्या दुकानातून आणलेला प्लेअर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. मंडळाची रीत अशी होती, की नवी ध्वनिमुद्रिका लावायची. ती ज्याची असेल त्यानं दाराजवळच्या स्टुलावर बसायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. ऐकणाऱ्यांनी एकेक करून सांगायचं, या गाण्यावर छाया कुणाची. आवडलं का, हा प्रश्न त्यानंतरचा. ख्यालाला ही रीत शोभून दिसे. कुणाच्या गळ्यातून कुणाचा गुरू डोकावतोय, कुठली हरकत कुठल्या घरची, हे ओळखलं की ऐकणाऱ्याला चोर धरल्याचा आनंद व्हायचा आणि गाणाऱ्याला आपली वंशावळ कुणी वाचून दाखवल्याचा. छाया निघालीच नाही तर मात्र मंडळी अस्वस्थ होत. पोराला बापाचं नाव विचारावं आणि त्यानं गप्प राहावं, तसं त्यांना वाटे.

त्या रविवारी स्टुलावर मी होतो, आणि लागायचा होता आमचा रॉक अल्बम.

ऊन मी म्हणत होतं. ऐकण्यात खरखर नको म्हणून काकांनी पंखा बंद केलेला. माझ्या मागे उंबऱ्यात फिरोज आणि अवधूत उभे होते. फिरोज मुल्ला बास गिटार वाजवायचा, अवधूत ड्रम्स, मी गिटार आणि गाणं. बँडचं नाव ‘काळी दोन’, कारण माझा गळा त्या पट्टीच्या वर जायला कुरकुरायचा आणि अवधूतला ते नाव भारी वाटलं होतं. अल्बमचं नाव ‘पल्याड’. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत, लग्नाच्या बँडवाल्यांच्या दोन तारखांच्या मधे मिळेल तसा आम्ही तो रेकॉर्ड केला होता. बुधवारी तो छपाईला पुण्याला जायचा होता. खरं तर आधीच जायला हवा होता. माझ्यामुळे अडला होता.

मी अडवला होता तो हुक्केरी अक्कांसाठी.

मी शमुवेल सातपुते. गिटार मला चर्चनं दिली. रविवारच्या उपासनेत वाजवता वाजवता शिकलो. गळा दिला तो अक्कांनी. माझी आई दवाखान्यात नर्स होती. अक्का आजारी पडल्या तेव्हा आईनं त्यांचं सगळं केलं, आणि बऱ्या होऊन घरी जाताना अक्का म्हणाल्या, तुझा पोरगा गातो म्हणतात, पाठव माझ्याकडं. पाठवलं. पुढच्या खोलीत त्या मला ख्याल शिकवायच्या. स्वर लागला नाही तर रागवायच्या नाहीत, नुसत्या तंबोरा वाजवायच्या थांबायच्या, आणि त्या शांततेची मला जास्त भीती वाटे. मग दूध उतू जातंय का बघायला त्या आत जात, आणि मागच्या स्वयंपाकघरातून काहीतरी निराळंच ऐकू येई. त्यांचं माहेर कृष्णेच्या पलीकडचं, अर्धं कानडी, अर्धं मराठी. तिथल्या जात्यावरची ओवी असावी.

नदीच्या पल्याड, कुणी लाविला गं दिवा
माझ्या माहेराचा वारा, त्याच्यापाशी थांबावा

ही चाल त्यांनी मला कधी शिकवली नाही. मी इकडं ताना घोटत बसलेला असायचो आणि कान भिंतीपलीकडे. ‘वारा’वर त्यांचा आवाज असा काही कलायचा, की जणू समईची ज्योत वाऱ्यानं वाकली आणि विझली नाही. पुढं मी ख्याल सोडला, गिटार धरली. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की कर काय करायचं ते, पण अर्धवट करू नकोस. पण ती चाल काही मला सोडेना. अल्बममधलं चौथं गाणं मी त्या चालीवर बांधलं. शब्द माझे, चाल, जशीच्या तशी, त्या स्वयंपाकघरातली.

ती छापून जगापुढं जाण्याआधी अक्कांनी एकदा म्हणावं, की ही माझी. किंवा म्हणावं, नाही रे, ही माझी नव्हे, तू बिघडवलीस. काहीही म्हणावं. मला तेवढंच हवं होतं.

पण अक्का काही म्हणतच नव्हत्या. कॅसेट नेऊन दिली, तर ती त्यांनी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. पुन्हा गेलो तेव्हा विषयच काढला नाही. एकदा गिटार घेऊनच गेलो आणि समोर बसून गायलो. त्या सबंध वेळ माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या, मान हलवत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “छान.” शेजारच्या पोरानं काढलेलं चित्र दाखवलं की आपण म्हणतो, तसं. मग विचारलं, चहा घेणार का. मी घरी येऊन गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवली.

फिरोजनं मला तेव्हापासून पिडायला घेतलं. “बाईंनी दाखला दिल्याशिवाय पोराला शाळेत घालायचं नाही, असं चाललंय तुझं,” तो म्हणायचा. “पोराला मिशा फुटल्या की.” म्हणून मी ही युक्ती काढली होती. अक्का मंडळाच्या सगळ्यांत जुन्या सभासद. मंडळाच्या रीतीप्रमाणे त्यांना बोलावंच लागणार. छाया सांगावीच लागणार.

त्या आल्या. नेहमीची खिडकीजवळची खुर्ची सोडून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि स्पीकरला अगदी खेटून बसल्या. मगदूम धावले. अक्का, हे तुमच्या तंबोऱ्याचं काम नव्हे, कानाचे पडदे फाटतील, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. अक्का हसल्या आणि तिथंच बसून राहिल्या. मला वाटलं, चला, निदान ऐकायचं तरी ठरवून आल्यात.

अल्बम संपला. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. काकांनी खाकरून घसा साफ केला आणि निशाण दाखवलं. आधी छाया.

पहिले बोलले प्राध्यापक लिमये. ते कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि ऐन तारुण्यातलं एक वर्ष लंडनला काढून आले होते. ते वर्ष अजून संपलं नव्हतं. पहिल्या गाण्यावर त्यांना सत्तरच्या दशकातल्या एका इंग्लिश बँडची छाया दिसली, दुसऱ्यावर त्याच बँडशी भांडून वेगळा झालेल्याची, तिसऱ्यावर एका अमेरिकन गायकाची, जो म्हणे असाच नाकात गायचा. मी नाकात गात होतो कारण मला त्या आठवड्यात पडसं होतं. दाताचे डॉक्टर उगारे म्हणाले की हे सगळं ठीक, पण मुळात ही सारी मंडळी आपल्याच एका हिंदी संगीतकारानं पूर्वी उचलली होती आणि या पोरांनी त्याच्याकडून उचललंय; म्हणजे ही छायेची छाया. यावर दोघांची जुंपली. मगदूम मधे पडले. छाया राहू द्या, गिटारचा हा जो चिरका, फाटका आवाज आहे तो गिटारला जोडून पायानं दाबायच्या अमुक जपानी पेडलशिवाय येणं शक्य नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं, आणि तो पेडल आपल्या दुकानात मिळतो हेही सांगितलं. तो आवाज कोल्हापूरच्या स्टुडिओतल्या स्पीकरचा होता. त्याचा कागद उंदरानं कुरतडला होता.

मागे फिरोज फुसकन हसला. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तो बिनतिकिटाचा प्रवासी असावा.

मी बोलू शकत नव्हतो. रीतच तशी. ओठ मिटून मी एकेक नाव ऐकत होतो. लंडन, न्यूयॉर्क, मुंबई, जपान. सगळ्या जगाची माणसं आमच्या घरात शिरून भांडी उचलून बघत होती आणि खाली कुणाकुणाची नावं कोरलीत ते वाचत होती. दोन वर्षं आम्ही तिघं एका गोडाउनात घामाघूम होऊन काय करत होतो, ते कुणी विचारत नव्हतं. एक शब्द आमचा आहे, एक सूर आमचा आहे, असं कुणी चुकूनही म्हणत नव्हतं.

मग चौथ्या गाण्याची पाळी आली. लिमयांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून, हनुवटी वर करून त्यांनी ऐकलं. अवधूतचा ढोल खालून उठत होता, फिरोजची बास त्याच्या खांद्यावर हात टाकून चालली होती, आणि वर मी, ‘वारा’च्या जागेपाशी, जमेल तेवढा कललेलो.

“स्कॉटलंड,” लिमये म्हणाले.

कुणीतरी वा म्हटलं. लिमयांनी समजावून सांगितलं, की ही पाच सुरांची चाल तिथल्या डोंगरातल्या मेंढपाळांची आहे, ते धुक्यात हरवलेल्या मेंढराला अशीच हाक घालतात, त्यांनी स्वतः ती ऐकली आहे. उगाऱ्यांना ती आफ्रिकेतली वाटली, वाळवंटातली. उंटाची चाल आहे बघा ही, ते म्हणाले आणि जागच्या जागी डोलून दाखवलं. मगदूम ठाम होते, की एका जुन्या कोळीगीतात ही सुरावट येऊन गेली आहे. कोळीगीत कुठलं, ते आठवलं की सांगतो.

मी अक्कांकडे बघत होतो. ज्यांची चाल, त्या तीन हातांवर बसल्या होत्या. एक तळवा स्पीकरच्या माथ्यावर, डोळे अर्धे मिटलेले. मेंढपाळ आले, उंट गेले, कोळी आले. त्यांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

“अक्का,” काका म्हणाले, “आता तुम्ही. छाया कुणाची?”

अक्कांनी काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“हं,” त्या म्हणाल्या. “छान झालंय.”

“छाया, अक्का. छाया कुणाची दिसते?”

“छान आहे की. मुलांनी मेहनत घेतलीय.”

मंडळी हसली. सूनमुखाच्या वेळी सासूबाईंनी ‘गोरी आहे’ म्हणून वेळ मारून न्यावी, तसं झालं, असं उगारे म्हणाले. काकांनी निकाल दिला. चौथं गाणं, बहुमतानं, स्कॉटलंड. त्यानंतर मला बोलायची परवानगी मिळाली. मी उठून उभा राहिलो. जिभेवर सगळं तयार होतं. त्यांचं नाव, ते स्वयंपाकघर, उतू जाणारं दूध. अक्का पदर नीट करत होत्या. मी आभारी आहे म्हणालो आणि खाली बसलो.

बाहेर फिरोजनं स्कूटरला अशी लाथ मारली, की ती पडता पडता राहिली. का बोलला नाहीस, असं तो विचारत होता. मी म्हटलं, चार लोकांत मी त्यांचं नाव घेतलं असतं आणि त्यांनी मान हलवून नाही म्हटलं असतं, तर काय केलं असतं? त्यांना ती चाल माझ्या तोंडी नको आहे. एवढं उघड आहे. आमच्या असल्या गाण्याशी त्यांना आपलं नाव जोडूनच घ्यायचं नाही. म्हणून त्या नुसतं छान-छान म्हणतायत.

“मग?” फिरोज म्हणाला. “आता काय? चौथं काढायचं?”

“काढ.”

अवधूत एरवी फारसं बोलत नसे. तो म्हणाला, की चौथं काढलं तर उरलेल्याचं नाव ‘पल्याड’ कशाला ठेवायचं, ‘अल्याड’ ठेवा. फिरोजनं बराच वेळ स्कूटरच्या आरशाशी चाळा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू जा आणि त्यांच्या तोंडून ‘नाही’ ऐकून ये. छान नव्हे. नाही. तेवढं आणलंस तर मी स्वतः काढतो ते गाणं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कांकडे गेलो. पुढची खोली बंद होती. एके काळी या वेळेला तिथून दोनतीन पोरींचे आवाज एकमेकींच्या पायात अडखळत बाहेर येत. आता त्यांनी सगळ्यांची शिकवणी बंद केलीय असं आई म्हणाली होती. कुणी म्हणे फार चिडक्या झाल्यात, कुणी म्हणे वयोमान. मी मागच्या अंगणात गेलो. त्या पायरीवर पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली. मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली, दुसरी उचलली. माझ्या डोक्यात रात्रभर जे खदखदत होतं, ते तिथंच उतू गेलं. मी वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, तशा त्या दचकल्या, आणि मग हसून म्हणाल्या, “शमू. कधी आलास? बस.”

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सुरू झालो. म्हटलं, मी तुमच्याकडून काही मोठं मागत नव्हतो. कौतुक तर नाहीच. शिवी दिली असती तरी मी ती जपून ठेवली असती. तुम्ही मला शिकवलंत, तुम्ही तंबोरा थांबवलात की मला कळायचं कुठं चुकलो. आता तुम्ही तो थांबवतही नाही. काल त्या लोकांनी तुमची चाल उचलून स्कॉटलंडला नेऊन ठेवली आणि तुम्ही शेजारी बसून ते पाहिलंत. असं बरंच काही म्हटलं. बोलता बोलता मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“इकडं तोंड करून बोल,” अक्का म्हणाल्या.

शिकवतानाचा तोच कोरडा सूर. मला आणखी संताप आला. तरी मी वळलो. म्हटलं, “एकच सांगा. चौथ्या गाण्यातली ती चाल तुमची आहे, का नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.”

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. कपाळाला बारीक आठी पडली.

“कुठली चाल?”

यापुढं विचारायला काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, ते गाणं मी काढून टाकतो, बुधवारी बाकीचं जाईल, तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही. आणि निघालो. चपलेत पाय घालतोय तोवर मनगटाला हात लागला. मेथीनं ओला, हिरवा झालेला हात. इतक्या घाईनं त्या उठल्या होत्या, की सूप उपडं झालं होतं आणि निवडलेली, न निवडलेली सगळी भाजी एक झाली होती.

“थांब,” त्या म्हणाल्या. “काय काढून टाकतोस? सावकाश बोल. माझ्याकडं बघून बोल.”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश. माझ्या तोंडाकडे बघता बघता त्यांचेही ओठ हलत होते, लहान मूल वाचताना हलवतं तसे. सगळं सांगून झाल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि मलाही मनगट धरून खाली बसवलं. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गोधड्या झटकत होतं.

“दोन वर्षं झाली, शमू,” त्या म्हणाल्या. “आधी तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा ऐकू येईनाशा झाल्या. मला वाटलं, तारा उतरल्यात. पोरींना रागावले, नीट लावत नाही म्हणून. त्या लावायच्या, मी रागवायची. मग त्यांनी एकमेकींकडं पाहिलं, ते मला दिसलं. तेव्हा समजले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नको येऊ म्हटलं. कारण नाही सांगितलं. तुझी आई नर्स आहे, तिलासुद्धा नाही.”

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

“मी तोंडं बघते आणि मान हलवते. छान म्हटलं की माणसं खूश होतात रे, पुढं कुणी विचारत नाही. तू एकटाच परत परत विचारत आलास. तुला काय सांगू? काल मगदूमच्या त्या डब्याला लागून बसले, म्हटलं बघू तरी. तर खालून आलं काहीतरी. हातातून, खुर्चीतून. कुठं चढतंय, कुठं थांबतंय, सगळं कळत होतं मला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी गाणं मी सुरू होऊन संपेपर्यंत ऐकलं. पण नुसता ढोल ऐकला, शमू. गाणं नाही आलं माझ्यापर्यंत. चाल कुठली होती, ते तू सांग मला.”